मित्राच्या गावचं गाणं

भाऊबीज झाली की धानोऱ्याच्या बसस्टँडवर माणसं ख्यालीखुशालीच्या आधी नाटकाचं विचारतात. "औंदा तुमच्या गावाले कोनतं नाटक हाय?" धान कापून बांध्यांमध्ये पडलेलं असतं, काहींचं मळणीला आलेलं असतं, आणि पानठेल्यांच्या फळ्यांवर, हॉटेलांच्या भिंतींवर मोठमोठी रंगीत पोस्टरं चढलेली असतात. नटनट्यांचे फोटो, मंडळीचं नाव, गाव आणि तारीख. तिथून होळीपर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात रोज रात्री कुठल्या ना कुठल्या गावात पडदा उघडतो. ही झाडीपट्टीची रंगभूमी. तिच्या पोस्टरांसमोर उभं राहून आम्ही कॉलेजातले मित्र तासन् तास वाद घातलेले आहेत: कोणाचा आवाज मोठा, कोणती मंडळी खरी, कोणाचं गाणं ऐकायला रात्रीची थंडी अंगावर घ्यावी.

माझ्या वडिलांची बदली चंद्रपूरहून धानोऱ्याला झाली आणि मी इथल्या कॉलेजात आलो. गोंडवाना विद्यापीठ 2011 साली नुकतंच स्थापन झालं होतं. आमच्या गुणपत्रिकांवर ते नवं नाव छापून येई आणि त्याचं आम्हाला अप्रूप होतं. वर्गातली बहुतेक मुलं तालुक्यातल्या गावांची. दोघा-तिघांनी मिळून किरायाची खोली करायची, शनिवारी घरी जायचं, सोमवारी तांदळाची थैली आणि लाखोरीची डाळ घेऊन परतायचं. एकमेकांना आम्ही गावाच्या नावानं हाक मारायचो. रांगी, मुरूमगाव, येरकड अशी आमची नावं. बल्लारपूरहून आत्याकडे शिकायला आलेली एक मुलगी होती, ती बल्लारपूर. मी अर्थातच चांदा. जुन्या माणसांच्या तोंडी चंद्रपूर अजून चांदाच आहे.

संध्याकाळी येरकडच्या खोलीसमोर आमची बैठक भरे. तेव्हा गाणी ब्लूटूथनं इकडून तिकडे जात. एक गाणं जायला बराच वेळ लागे, तोवर दोघांनी आपापले फोन शेजारी धरून बसायचं. त्या वेळात देणारा आपल्या गाण्याची बाजू मांडत असे. हे कोणी गायलं, कुठे ऐकलं, तिसऱ्या मिनिटाला काय होतं ते नीट ऐक. घेणाऱ्याला पळून जायची सोय नव्हती. चौकातल्या मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचं, पण तिथे सगळ्यांना तीच ती सिनेमाची गाणी मिळत. आमच्या बैठकीत येणारं गाणं कोणीतरी निवडलेलं असे आणि निवडणारा समोर बसलेला असे.

माझ्याकडे होता 'इंडियन ओशन'. पुण्यात शिकणाऱ्या मावसभावानं तो मला दिला होता. 1990 साली दिल्लीत सुरू झालेला हा बँड. 2000 साली आलेल्या त्यांच्या 'कंदिसा' या अल्बमचं नाव ज्या गाण्यावरून आहे ते सीरियन ख्रिस्ती परंपरेतल्या एका प्राचीन प्रार्थनेचं, आणि त्याच अल्बममध्ये नर्मदेच्या खोऱ्यातल्या गाण्यावर उभं राहिलेलं 'मा रेवा' आहे. बास गिटार वाजवणारे आणि गाणारे राहुल राम हे काही वर्षं नर्मदा बचाव आंदोलनात होते, तिथल्या माणसांकडून ते गाणं त्यांच्याकडे आलं. 2010 मध्ये या लोकांनी आणखी एक गोष्ट केली, जी मला विशीच्या उंबरठ्यावर फार मोठी वाटली. '16/330 खजूर रोड' हा नवा अल्बम त्यांनी एकेक गाणं करत इंटरनेटवर फुकट देऊन टाकला. दिल्लीच्या करोलबागेतल्या ज्या जुन्या घरात ते वर्षानुवर्षं सराव करत, त्याचा हा पत्ता. कंपनीच्या हातून गाणं सोडवून ते सरळ ऐकणाऱ्याच्या हाती ठेवायचं, आणि पोट भरायचं ते समोर येऊन वाजवण्यावर. मी हे सगळं बैठकीत मोठ्या आवेशानं सांगितलं.

मुरूमगावनं 'मा रेवा' डोळे मिटून ऐकलं. त्याला ते आवडलं. संपल्यावर त्यानं विचारलं, "हे वाजवतेत तेव्हा लोक नाचतेत का?" मी म्हटलं, नाचत असतील. "तू पायलं नाही?" मी पाहिलं नव्हतं. तेव्हा रांगी म्हणाला, "मंग याचं अर्धंच तुझ्यापाशी हाय गा. आमच्या गावी ये. गानं कार्डात भेटते, पन त्याच्यासाठी रातभर बसा लागते."

रांगीला मी त्या हिवाळ्यात गेलो. धानोऱ्याहून रांगीचा रस्ता जंगलातून आणि धानाच्या बांध्यांतून जातो. गावात शिरतानाच कळत होतं की आज साधा दिवस नाही. घरोघरी पाहुणे उतरलेले. लेकी-जावई आलेले, अंगणं सारवलेली, चुलीवर कोंबडीचा रस्सा चढलेला. झाडीत नाटक एकटं येत नाही. त्याच्यासोबत मंडईची जत्रा येते, दंडारीचं लोकनाट्य येतं, शंकरपट येतो. दिवसा पटावर बैलजोड्या धावतात, रात्री नाटक होतं, आणि मधल्या वेळात लग्नं ठरतात. पुढे 2014 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती थांबवल्या, 2021 च्या डिसेंबरात त्या पुन्हा सुरू झाल्या. मधल्या वर्षांत पट गेला तरी नाटकाची रात्र गावांनी सोडली नाही.

माझा मित्र नाटक भरवणाऱ्या गावच्या मंडळात होता, म्हणून मला पडद्यामागचं सगळं पाहायला मिळालं. मंडळाची चार माणसं आधीच वडशाला जाऊन आलेली असतात. वडसा म्हणजे देसाईगंज, झाडीपट्टीची नाटकनगरी. तिथे बाजारात नाट्यमंडळ्यांच्या कार्यालयांच्या पाट्या डझनावारी लागलेल्या असतात. गावकरी जातात, नट कोण, गाणारा कोण, नाटक कोणतं ते विचारतात, तारीख मोकळी आहे का पाहतात, रक्कम ठरवतात, इसार देतात. मग गावात परत येऊन जागा तयार करायची. धान निघालेल्या बांधीत मंच उभा राहतो, भोवती कनात लागते, तिकिटं छापली जातात. खुर्ची महाग, खाली जमिनीवर बसायचं स्वस्त. तिकिटाच्या पैशातून मंडळीची रक्कम द्यायची, मंच-लाईट-साऊंडचा खर्च भागवायचा, उरलं तर ते मंदिराला, शाळेला, गावातल्या एखाद्या कामाला. तूट आली तर मंडळाच्या पोरांनी खिशातून भरायची. रांगीचा तो एकवीस वर्षांचा पोरगा दिवसभर तिकिटं विकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर जबाबदारी होती. कॉलेजात तो शेवटच्या बाकावर बसे. इथे साठीतली माणसं त्याला विचारून पुढचं काम करत होती.

नाटक दहाच्या पुढे सुरू झालं. मंचाच्या समोर खाली वादक बसले: ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड, क्लॅरिनेट. झाडीपट्टीत नट स्वतः गातो. रेकॉर्ड लावून ओठ हलवले तर खालून लगेच ओरड होते. माझा मित्र ज्या गायकनटाबद्दल आठवडाभर बोलत होता तो पहिल्या अंकात आला आणि त्यानं आलाप घेतला, तेव्हा चादरी पांघरून बसलेल्या त्या दोन-अडीच हजार माणसांमध्ये जी हालचाल झाली ती मी पहिल्यांदाच अनुभवत होतो. माणसं ताठ बसली. मागे शेकोटीजवळ उभी असलेली पोरं पुढे सरकली. गाणं संपलं आणि 'वन्स मोअर'चा गलका झाला. त्यानं पुन्हा गायलं, पण तसंच नाही. दुसऱ्या वेळी त्यानं एक जागा लांबवली आणि बायकांच्या बाजूनं दाद आली. ती दाद त्यानं मान लववून घेतली. तिसऱ्यांदा मागणी झाली तेव्हा ऑर्गनवाल्यानं वर पाहून हसत सूर बदलला. गाणारा, वाजवणारा आणि ऐकणारा हे तिघं मिळून ते गाणं तिथल्या तिथे नव्यानं रचत होते.

पहाटे तीनच्या सुमारास थंडी अंगात शिरते. लहान मुलं आयांच्या मांडीवर झोपलेली असतात, चहाच्या टपरीवर मात्र गर्दी असते. नाटक संपता संपता उजाडलं. मंडळीचे लोक तोंडावरचा रंग पुसून गाडीत बसले, कारण पुढच्या रात्री दुसरं गाव होतं. मंचाचं सामान उतरू लागलं आणि माझा मित्र हिशेबाला बसला.

कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना पुढे 2023 साली पद्मश्री मिळाली. पाच हजारांवर प्रयोग आणि आठशे भूमिका असं त्यांचं काम. तो आकडा वाचताना मला वडशाची रेल्वे, रात्रीच्या गाड्या आणि रोज नवी बांधी डोळ्यांसमोर आली. पाच हजार रात्री म्हणजे पाच हजार वेळा वेगळ्या गावासमोर उभं राहणं, ज्या गावानं आपल्या खिशातून पैसे दिले आहेत आणि जे पुढच्या वर्षी पुन्हा भेटणार आहे. गाणाऱ्या माणसाला याहून थेट परीक्षा नाही. रांगीच्या त्या रात्री मला हेही उमगलं की मावसभावानं दिलेल्या बँडबद्दल मी ज्याचा एवढा अभिमान सांगत होतो, ते गाणं आणि ऐकणारा यांच्यामध्ये तिसऱ्या कोणाची मालकी नसणं, ते झाडीनं केव्हाचं साधलेलं आहे. इथे गावच मालक आहे आणि गावच श्रोता आहे.

मुरूमगावचं आमंत्रण उन्हाळ्यात आलं, लग्नाचं. धानोऱ्याहून पूर्वेला जाणारा तो रस्ता पुढे छत्तीसगडात उतरतो. त्या बाजूला गोंडी आहे, छत्तीसगढी आहे, मराठी शाळेतून आलेली आहे, आणि एकाच घरात तिन्ही ऐकू येतात. मोहाची फुलं वेचून झालेली, तेंदूपानाच्या हंगामाची बोलणी चाललेली. रस्त्यात पोलिसांचे आणि सीआरपीएफचे तळ लागतात. संध्याकाळनंतर प्रवास करू नका असं घरचे बजावून सांगत. या नक्षलग्रस्त भागात रात्रीनं फार काळ भीती वाहिली आहे. म्हणून रात्री एकत्र बसणं, एकत्र गाणं हे इथे मनाच्या बळाचं काम आहे, असं मला त्या वाटेनं जाताना वाटत राहिलं.

लग्नाच्या रात्री रेला सुरू झाला. मुलींची एक ओळ, मुलांची एक ओळ, हातात हात गुंफलेले, आणि गळ्यात मांदरी अडकवलेले वाजवणारे. पावलं हळू, चाल लहानशी. हेडफोनवर वाढलेल्या माझ्या कानाला आधी वाटलं की हे सारखंच चाललं आहे. मी कडेला उभा राहून काहीतरी घडायची वाट पाहत होतो. बराच वेळ गेल्यावर ऐकू येऊ लागलं की ओळीतली एक मुलगी दर वेळी काहीतरी नवं म्हणते, बाकीच्या ते उचलतात, आणि समोरची मुलं हसून त्याला उत्तर देतात. मांदरीवाला त्या हसण्यावर बोट फिरवतो आणि पावलं किंचित बदलतात. एकदा सगळे माझ्याकडे पाहून हसले. मित्रानं नंतर सांगितलं की चांद्याहून आलेला पाहुणा खांबासारखा उभा आहे, असं त्या गाण्यात आलं होतं. थोड्या वेळानं त्यानं माझा हात धरून मला ओळीत घेतलं. तिथे कडेला उभं राहायची जागा नव्हतीच. आलेला प्रत्येक माणूस नाचणाऱ्यांत धरला जातो.

रेल्याचा विषय निघाला की गोटुल, म्हणजे गावच्या तरुणांची एकत्र जमण्याची जागा, आठवतो. वेरियर एल्विन यांनी बस्तरच्या मुरियांच्या गोटुलावर 1947 साली मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हापासून बाहेरच्या जगाला गोटुल हा शब्द माहीत आहे आणि त्याबद्दल नको तितकं कुतूहलही आहे. धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) गावात मी गोटुल पाहिला तो गावसभेचा. 2009 साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवलेलं हे गाव. तिथे माणसं बसतात, बोलतात, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहतात. रेल्याची ओळ आणि ती सभा मला एकाच स्वभावाच्या वाटल्या. एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी उचलायचं किंवा बदलायचं, आणि कोणालाही ओळीबाहेर ठेवायचं नाही.

मुरूमगावला सीमेपलीकडच्या नाचा या लोकनाट्याची मंडळी फार आवडे. त्याबद्दल तो बोलू लागला की थांबत नसे. हबीब तन्वीर यांनी छत्तीसगडच्या याच नाचातल्या गावच्या नटांना घेऊन 'चरणदास चोर' केलं आणि 1982 साली एडिंबरोच्या महोत्सवात त्याला मानाचा पुरस्कार मिळाला, हे मी नंतर पुस्तकात वाचून त्याला सांगितलं. त्याला आनंद झाला, आश्चर्य वाटलं नाही. "ते नट चांगलेच असतेत," एवढंच तो म्हणाला. आपल्या गाण्याची थोरवी त्याला बाहेरून कळायची गरज नव्हती. माझ्या बाबतीत ते उलट होतं. चंद्रपूरला वाढताना मला सतत वाटे की खरं संगीत दूर कुठेतरी घडतं, पुण्यात, दिल्लीत, परदेशात, आणि आपल्यापर्यंत त्याचा फक्त आवाज पोचतो. ते वाटणं या मित्रांनी काढून टाकलं.

बल्लारपूरनं आम्हाला ऑक्टोबरात चंद्रपूरला नेलं. माझंच शहर, पण त्या रात्रीचं चंद्रपूर तिनं मला दाखवलं. 16 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेबांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. दरवर्षी 15 आणि 16 ऑक्टोबरला तिथल्या दीक्षाभूमीवर माणसांचा पूर लोटतो. पुस्तकांची दुकानं, सीडींची दुकानं, निळे झेंडे, गावागावांतून आलेली कुटुंबं, आणि गाणं. तिचे काका कव्वालीच्या पार्टीत ढोलक वाजवत. विदर्भात भीमगीतांना कव्वालीचा बाज आहे. दोन पार्ट्या समोरासमोर येतात, बहुतेकदा एकीकडे गायक आणि दुसरीकडे गायिका, आणि सवालजवाब रंगत जातो. वामनदादा कर्डकांपासून ही गाणी वहीतून वहीत उतरत आली. 1922 ते 2004 असं दीर्घ आयुष्य लाभलेले वामनदादा गावोगाव फिरले, गाणी लिहीत आणि गात राहिले. त्यांच्या पाठीशी मोठी कंपनी नव्हती. त्यांना मुक्कामाला ठेवून घेणारी घरं मात्र वस्तीवस्तीत होती.

"आमच्या घरात गानं आधी आलं, पुस्तक मागून आलं," ती म्हणाली होती. तिच्या आजीला वाचता येत नव्हतं, पण महाडचं तळं, नागपूर, चवदा ऑक्टोबर हे सगळं आजीला गाण्यांतून क्रमानं पाठ होतं. त्या रात्री मुकाबल्यात गायिकेनं एक असा जवाब दिला की समोरच्या पार्टीचा ढोलकवालाच टाळी देऊन उठला. बल्लारपूर माझ्या शेजारी उभी राहून प्रत्येक ओळ म्हणत होती. तिच्या गळ्यातून ते ऐकताना मला पहिल्यांदा जाणवलं की आवडतं गाणं म्हणजे कुणाकुणासाठी घराण्याची मिळकत असते, सात-बारा नसलेल्या घराची मिळकत.

येरकडचं राहिलंच. तो तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात खंजिरी वाजवायचा आणि आपल्या मंडळाला आम्ही बँडमध्ये धरत नाही म्हणून रुसायचा. त्याचं म्हणणं रास्त होतं. तुकडोजी महाराजांची खंजिरी ऐकून 1942 च्या ऑगस्टमध्ये चिमूर पेटलं, इंग्रज सरकारनं महाराजांना तुरुंगात टाकलं. एका हातात मावणाऱ्या वाद्यानं एवढं केलं आहे, तर त्याला कमी कोण लेखणार? त्याच्या गावी सायंप्रार्थनेनंतर दहा-बारा पोरांनी एका लयीत खंजिऱ्या उचललेल्या मी पाहिल्या आणि बैठकीत त्याचं मत कायमचं मान्य झालं.

कॉलेज संपलं. रांगी चाकणला कंपनीत लागला, मी पुण्यात पुढच्या शिक्षणाला. तेव्हा माझी पाळी आली. 2010 पासून पुण्यात एनएच सेव्हन वीकेंडर हा संगीत महोत्सव भरू लागला होता. स्वतंत्रपणे गाणारे-वाजवणारे देशभरातले बँड तिथे येत. तिकीट महाग होतं. रांगीनं ओव्हरटाइमच्या पैशातून ते काढलं, कारण त्याच्या मते मी त्याच्या बांधीत बसलो होतो तर त्यानं माझ्या मैदानात उभं राहणं हे ठरलेलंच होतं.

तो दुपारीच आत शिरला. अनेक मंच होते, एकावर संपलं की दुसऱ्यावर सुरू होई. लहान मंचावर एक अनोळखी बँड वाजवायला उभा राहिला तेव्हा समोर वीस-पंचवीसच माणसं होती. मी मोठ्या मंचाकडे निघालो होतो. रांगीनं मला थांबवलं. "पयल्या अंकाले लोक कमीच असतेत. आपण पुढे बसू." आम्ही अगदी पुढे गेलो. त्या मुलांच्या आवाजात धाकधूक होती. दुसऱ्या गाण्याला रांगीनं दोन्ही हात वर करून 'वन्स मोअर' दिला, झाडीतला, पोटातून आलेला. गिटारवाला दचकला आणि मग त्याचा चेहरा उजळला. त्यांनी ते गाणं खरोखरच पुन्हा घेतलं, आणि या वेळी ते मोकळं वाजलं. कार्यक्रमानंतर रांगी साऊंडच्या टेबलापाशी जाऊन सगळी बटणं पाहून आला आणि त्या गिटारवाल्याला विचारू लागला, तुमची तारीख कशी मिळते, किती माणसं, राहायची सोय करावी लागते का. वडशाच्या कार्यालयात विचारावं तसं. त्या मुलानं सगळं नीट सांगितलं. प्रवासखर्च निघाला तरी पुष्कळ, असं तो म्हणाला. दोघांना एकमेकांचं गणित लगेच कळलं.

रात्री मोठ्या मंचासमोर हजारो माणसांमध्ये उभं राहून आम्ही ऐकलं. बास गिटारचा आवाज छातीत उतरत होता आणि भोवती सगळे एकाच शब्दावर उड्या मारत होते. रांगी ते सगळं डोळे भरून पाहत होता. ते रांगीच्या रात्रीहून कमी नव्हतं आणि जास्तही नव्हतं. बसमध्ये तो म्हणाला की मुरूमगावच्या मांदरीला असा साऊंड मिळाला तर कसं होईल. आम्ही चाकणपर्यंत त्याच विषयावर बोलत होतो.

तसं आता घडूही लागलं आहे. मुंबईतल्या 'स्वदेशी' या रॅप करणाऱ्या गटानं 2019 साली आरेच्या जंगलातले आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन 'द वारली रिव्होल्ट' केलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आरेतली झाडं तोडली गेली तेव्हा ते गाणं अनेकांच्या फोनवर होतं. 'अभंग रिपोस्ट'सारखी तरुण मंडळी संतांचे अभंग गिटार-ड्रम्सवर गातात. गोंडीतली गाणी गावातली पोरं फोनवर चित्रित करून यूट्यूबवर टाकतात आणि ती सीमेपलीकडच्या बस्तरात ऐकली जातात. कोरोनात झाडीचे मंच बंद पडले, नट आणि वादक मजुरीला गेले, आणि तरीही बंदी उठल्यावर गावांनी पुन्हा इसार दिला. या सगळ्यात मला एक गोष्ट सारखी दिसते. गाणं तगतं ते त्याची किंमत आपण होऊन मोजणाऱ्या माणसांमुळे. पैशानं, जागरणानं, पायपिटीनं.

म्हणून गडचिरोली आणि चंद्रपूर या आपल्या दोन जिल्ह्यांतल्या कॉलेजांकडे माझं एक मागणं आहे. स्नेहसंमेलनाला डीजेवर होणारा खर्च एका वर्षी तरी वळवावा. ज्या विद्यार्थ्याच्या गावात खंजिरीचं मंडळ आहे, रेल्याची ओळ आहे, दंडार आहे, ज्याच्या घरात भीमगीतांच्या वह्या आहेत, त्याला सांगावं की तुझी माणसं घेऊन ये. त्यांना मानधन द्यावं, चांगला साऊंड द्यावा, आणि ओळख करून द्यायला त्याच विद्यार्थ्याला माईकवर उभं करावं. शेवटच्या बाकावरची किती मुलं त्या दिवशी वर्गाला पहिल्यांदा दिसतील! रांगी मला तसाच दिसला होता. ज्यांच्या कॉलेजला बाहेरचे बँड आणणं जमेल त्यांनी तेही आणावेत, आणि त्यांना गोटुलात, बांधीत, भजनात एक रात्र ठेवून घ्यावं. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली तरच ती टिकते.

आणि जे आज विशीत आहेत त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं. मित्रानं पाठवलेलं गाणं फोनवर एका क्षणात येतं, आणि त्या वेगात त्याची बाजू ऐकून घ्यायचं राहून जातं. या भाऊबीजेनंतर त्याला विचारा, तुझ्या गावाला औंदा काय आहे. तो बोलावेल, झाडीत कोणी नाही म्हणत नाही. चादर घेऊन जा आणि पहिल्या अंकाला पुढे बसा. 'वन्स मोअर' पोटातून द्या, ओळीत ओढलं तर आत जा. सकाळी त्याच्या आईच्या हातचा चहा घ्या, आणि मग तुमचं आवडतं गाणं त्याला ऐकवा. तो ते शेवटपर्यंत ऐकेल आणि तुमच्यासोबत तुमच्या मैदानात यायला निघेल.